त्या चिठ्ठीतला ‘मी’

मल्याळममध्ये क्रियापदाला लिंग नसतं. ‘ञान वन्नु’ म्हटलं की ‘मी आलो’ही झालं आणि ‘मी आले’ही. मराठी सबटायटलं लिहिताना हे रोज आडवं येतं. पडद्याबाहेरून आवाज आला, की बाई बोलतेय की पुरुष हे आधी ऐकायचं आणि मगच लिहायचं. गेल्या पावसाळ्यात आलेला एक सिनेमा मात्र सबंध या एवढ्याशा गोष्टीवर उभा होता.

माझं बालपण त्रिशूरला गेलं. आबांचा तिथे गलाईचा धंदा होता. जुने दागिने आटवून सोनं शुद्ध करायचं. विटा-आटपाडीकडची कितीतरी घरं या धंद्यासाठी केरळात आणि तमिळनाडूत पांगलेली आहेत. शाळेत मल्याळम आणि घरात विट्याची मराठी, असं माझं दोन्हीकडून झालं. त्यामुळे इंग्रजी तर्जुमा समोर असला तरी मी काम करते ते मूळ संवाद ऐकून.

काम हातात घेण्याआधी सिनेमा सलग एकदा बघायचा, ही माझी पद्धत. आदल्या रात्री तसा बघितला. सव्वादोन तासांचा, खेड्यातल्या प्रेमाचा, विनोदी. भातखाचरं, तळं, देवळाचा उत्सव, चहाची टपरी, सगळं जागच्या जागी. मागे निळे डोंगर. पालक्काडच्या कोल्लंगोड भागातून नेल्लियांपतीचे दिसतात तसे. सुरुवातीची दहा मिनिटं मी अगदी आनंदात होते. मग टोचायला लागलं. नायक शेतकरी म्हणवतो, पण त्याच्या पायाला चिखल लागलेला एकदाही दिसत नाही. गाण्यात भात कोवळं हिरवं असतं आणि गोष्टीतल्या दुसऱ्याच दिवशी कापणीला आलेलं. टपरीवाला ‘तो’, ‘ती’ला मलबारातल्यासारखं ‘ओन’, ‘ओळ’ म्हणतो. नायिका नायकाला ‘चेट्टन’ म्हणते, तर तिची सख्खी आई स्वतःच्या नवऱ्याला ‘एट्टन’; हाक एकच, पण दोन वेगळ्या भागांतली. बाकी सगळे जे बोलतात त्याला तिकडे ‘अच्चडि भाषा’ म्हणतात, छापील भाषा. केरळात वीस कोसांवर बोली बदलते. त्रिशूरचा माणूस ‘काय?’साठी ‘एंतूट्टा’ म्हणाला की गाव विचारावं लागत नाही. इथे सव्वादोन तासांत मला गाव सापडलं नाही.

मला याचं वाईट वाटतं, कारण हे काम मल्याळम सिनेमाने किती सुंदर केलंय ते मी लहानपणापासून बघत आलेय. सत्यन अंतिक्काड यांचा 1988 सालचा ‘पोन्मुट्टयिडुन्न तारावु’ आमच्या घरात सगळ्यांना पाठ होता. रघुनाथ पलेरी यांनी लिहिलेला. त्यातला भास्करन हा तट्टान, म्हणजे सोनार. श्रीनिवासन यांनी केलेला. आवडत्या मुलीला तो सोन्याची माळ देतो, ती लग्न करते आखातातून आलेल्याशी, आणि त्या एका माळेपायी सगळं गाव गुंतत जातं. सोन्यात हयात गेलेले आबा तो सिनेमा बघताना मांडी ठोकून हसायचे. तिथे प्रत्येक माणसाला काहीतरी काम होतं.

तर सकाळी नऊला मी बसले. या सिनेमात एक खरी जागा होती. गावच्या वायनशाळेत, म्हणजे वाचनालयात, नायकाने नेलेल्या पुस्तकांतून त्याला निनावी चिठ्ठ्या मिळतात. त्याला वाटतं, नायिका लिहिते. लिहीत असतात तिचे आजोबा. वायनशाळा तेच सांभाळतात. केरळच्या खेड्याला हे किती शोभतं! 1945 मध्ये पी. एन. पणिक्कर यांनी ग्रंथशाळा संघ उभा केला आणि वाचनालयं गावोगाव पोचली. त्यांच्या स्मृतिदिनी, 19 जूनला, तिथे अजून वाचनदिन असतो. आमच्या गल्लीच्या टोकालाही एक वायनशाळा होती. सकाळी सकाळी मुंडू, म्हणजे लुंगीसारखं धोतर, दुमडून बाकावर बसलेली म्हातारी माणसं एकच वर्तमानपत्र पान-पान वाटून घेऊन वाचायची.

पहिली चिठ्ठी तळ्यावरच्या भेटीची, अशी: ‘ञान इन्नले वन्निरुन्नु. कंडिल्ला. नाळे वरां.’ काल मी आलो होतो, किंवा आले होते. दिसला नाहीस. उद्या येईन.

‘आले होते’ लिहिलं तर मी प्रेक्षकाशी खोटं बोलले. ‘आलो होतो’ लिहिलं तर आजोबा तिथेच पकडले गेले, आणि पुढची चाळीस मिनिटं फुकट. ‘येणं झालं होतं’ असं कुणी प्रेमाच्या चिठ्ठीत लिहीत नाही. ‘आम्ही आलो होतो’ला लिंग कळत नाही, पण मग तळ्यावर घोळकाच उभा राहतो. चिठ्ठी पडद्यावर जेमतेम चार सेकंद, म्हणून लांबण लावायचीही सोय नाही. अकरा वाजून गेले. इतर दीडशे ओळी झाल्या, ही एक होईना.

आणि मग भाकरी करताना सुचलं. मराठीत ‘वाट पाहिली’ म्हटलं की क्रियापद वाटेमागे जातं, बोलणाऱ्याकडे बघतही नाही. ‘येईन’ तर बाईचंही आणि बाप्याचंही. हात पिठाचे असतानाच पाठकोऱ्या कागदावर लिहिलं:

‘काल तळ्यापाशी वाट पाहिली. तू दिसला नाहीस. उद्या पुन्हा येईन.’

तिसऱ्या चिठ्ठीत ‘रोज तुला बघते/बघतो’ होतं, त्याचं ‘तू रोज दिसतोस’ झालं. दुसरीला ‘मला आवडलं’ आपसूक बसलं. एवढा आनंद मला फार दिवसांत झाला नव्हता.

पण दुपारी उलगड्याचा प्रसंग आला, आणि रात्रीपेक्षा जास्त लागला. टपरीवाला चहा गाळता गाळता एका वाक्यात सांगून टाकतो की चिठ्ठ्या म्हाताऱ्याच्या होत्या. नायक हसतो. आजोबा त्या प्रसंगात नाहीतच. नातीसाठी प्रेमपत्रं लिहिणारा म्हातारा! ते शब्द त्याने कुठून आणले, कधीकाळी कुणाला लिहायचे राहिले होते, नातीला कळल्यावर ती काय म्हणाली? सबंध सिनेमा त्या वायनशाळेत बसून होता आणि लिहिणाऱ्यांनी तिकडे पाहिलंच नाही. ओळ मी नीट लिहिली. दुसरं माझ्या हातात काही नव्हतं.

संध्याकाळी विट्याला फोन लावला. आबांना म्हटलं, एक चिठ्ठी वाचते, कुणी लिहिलीय ते सांगा.

ऐकून घेतलं त्यांनी. म्हणाले, “पोरीनं. आणि कोण लिवणार?”

“पोरीच्या आज्यानं, आबा.”

बराच वेळ पलीकडून आवाज नाही. मग एकदम त्रिशूरचं, “एंतूट्टा?” आणि खळखळून हसले. हसणं थांबल्यावर आवाज खाली आणून म्हणाले, “लई भारी काढलाय गं. मग फुडं काय करतो त्यो म्हातारा?”

“पुढं काही नाही, आबा,” मी म्हटलं. “गाणं लागतं.”