दोन हाइन्रिख आणि तिसरा ओटो

गेल्या पितृपक्षात रामकुंडावर श्राद्धासाठी गेलो असताना आमच्या तीर्थोपाध्यायांनी बासनातून नामावळीची लांबट वही काढली आणि माझ्या पणजोबांच्या मोडी सहीवर बोट ठेवले. शाई तपकिरी झाली होती, अक्षर मात्र स्पष्ट होते. त्याखाली आजोबा, मग वडील. बापामागून मुलगा अशी ती उतरत गेलेली ओळ पाहताना मला सध्या वाचनात असलेल्या मध्ययुगीन जर्मन राजांची आठवण झाली. पहिला ओटो, दुसरा ओटो, तिसरा ओटो ही नावेही कागदावर अशीच एकाखाली एक येतात. पण त्या काळी राजकुळातल्या जन्माने केवळ दावा सांगता येई, राज्य हाती येण्यासाठी सरदार आणि बिशप यांची संमती, अभिषेक आणि राजचिन्हांचा ताबा लागे. म्हणूनच राजे आपल्या हयातीतच मुलाची निवड करवून घेत.

दुसऱ्या ओटोनेही ९८३ मध्ये व्हेरोनाला तसेच केले. त्याच वर्षीच्या नाताळात आखन येथे त्याच्या तीन वर्षांच्या मुलाला, म्हणजे तिसऱ्या ओटोला, मुकुट घातला गेला, आणि समारंभ आटोपतो न आटोपतो तोच बातमी आली की, बाप ७ डिसेंबरलाच रोममध्ये वारला आहे. आई थिओफानू आणि आजी अडेलहाइड दोघीही तेव्हा इटलीत होत्या. अशा वेळी बव्हेरियाचा पदच्युत ड्यूक हाइन्रिख, ज्याला इतिहास ‘भांडखोर’ म्हणून ओळखतो, कैदेतून सुटला आणि कोलोनच्या आर्चबिशपकडून त्याने बालराजाचा ताबा घेतला. तो मुलाच्या वडिलांचा सख्खा चुलतभाऊ होता, त्यामुळे जवळचा पुरुष नातेवाईक या नात्याने पालकत्वावर त्याचा हक्क पोचत होता. मात्र ९८४ च्या ईस्टरला क्वेडलिनबुर्ग येथे त्याने समर्थकांकडून स्वतःचाच राजा म्हणून जयघोष करवून घेतला, तेव्हा पालकत्वाचा प्रश्न उरलाच नाही.

गंगापूर रस्त्याने आनंदवल्लीवरून जाताना राघोबादादांची आठवण येतेच, आणि हा प्रसंग वाचतानाही आली. १७७४ मध्ये चाळीस दिवसांच्या सवाई माधवरावांना पेशवाईची वस्त्रे मिळाली ती बारभाईंनी गादी राखली म्हणून. जर्मनीत ते काम माइन्झचा आर्चबिशप विलिगिस आणि त्याच्या बाजूच्या सरदारांनी केले. थिओफानू आणि अडेलहाइड इटलीतून परतल्या आणि २९ जून ९८४ रोजी हाइन्रिखला मूल त्यांच्या स्वाधीन करावे लागले. पुढच्या वर्षी त्याला बव्हेरिया परत मिळाले. बिझँटियमहून सून म्हणून आलेल्या थिओफानूने पुढे ९९१ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, मुलासाठी राज्य सांभाळले, आणि या सगळ्या कथेत मला सर्वाधिक आदर वाटतो तो तिच्याविषयी.

तिसरा ओटो जानेवारी १००२ मध्ये इटलीतच वारला. वय एकवीस, मागे मूल नाही. त्याचे शव आखनला पुरण्यासाठी आल्प्स ओलांडून नेले जात असताना पोलिंग येथे बव्हेरियाचा ड्यूक त्याला सामोरा गेला. हा ड्यूकही हाइन्रिखच, त्या भांडखोराचा मुलगा. त्याने राजचिन्हे मागितली, पण त्यांतले सर्वांत मोलाचे मानले जाणारे चिन्ह, पवित्र भाला, त्यांत नव्हता, कारण कोलोनचा आर्चबिशप हेरिबर्टने तो गुपचूप पुढे पाठवून दिला होता. हाइन्रिखने हेरिबर्टला अडकवून ठेवले आणि भाल्यासाठी त्याच्या भावाला ओलीस ठेवून घेतल्यावरच सोडले. राजाची आतडी त्याने आउग्सबुर्ग येथे सन्मानाने पुरवली, जणू आपणच वारस आहोत असे सर्वांना दिसावे.

बापाने जिवंत बालराजा धरून ठेवला आणि राज्य मिळाले नाही, मुलाने त्याच राजाच्या शवाला वाटेत गाठले आणि ते मिळवले. दुसऱ्या दावेदारांपैकी माइसेनच्या एकेहार्डचा ३० एप्रिलला खून झाला, श्वाबियाच्या हर्मनची संमती यायची होती. तिच्यासाठी न थांबता ७ जून १००२ रोजी माइन्झमध्ये हाइन्रिखला अभिषेक झाला. तो करणारा आर्चबिशप विलिगिसच होता, ज्याने अठरा वर्षांपूर्वी त्याच्या बापाची वाट अडवली होती.