गाडी जर्मनीची, इंजिन आकुर्डीचं

ताम्हिणी घाटात गरम होऊन बंद पडलेली गाडी टो होऊन पुण्याला आमच्या गॅरेजात आली. मर्सिडीजची २०७ डी, १९८० ची, उंच छताची. आत पलंग, शेगडीचा ओटा, पाण्याची टाकी, सगळा संसार. जर्मनीहून रस्त्यानंच भारतात आलेली, गोव्याहून पुण्याकडे निघालेली. मालक-मालकिणीनं पार्टची यादी आधीच काढून ठेवली होती: २३ ओळी, प्रत्येकीपुढे जर्मन पार्ट नंबर. पार्सल मागवायचं, कस्टममधून सोडवायचं, मग इंजिन उघडायचं, असा बेत. गाडी कारनेटवर, म्हणजे तात्पुरत्या आणलेल्या गाडीच्या कस्टम कागदावर आलेली, मुदतीच्या आत देशाबाहेर न्यायची. दिवस मोजकेच होते.

यादी बाजूला ठेवली आणि आधी इंजिनाचा नंबर पुसून पाहिला. सुरुवात ६१६. ओएम ६१६, चार सिलिंडर, २३९९ सीसी, बोअर (सिलिंडरचा व्यास) ९०.९ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ९२.४. १९७८ च्या आधीचं असतं तर बोअर ९१ आणि क्षमता २४०४ सीसी. हा फरक पिस्टन-रिंगा घेताना नडतो, म्हणून नंबर आधी बघायचा.

हेच इंजिन बजाज टेम्पोनं मर्सिडीजच्या परवान्यावर आकुर्डीत बनवलं आणि टेम्पो ट्रॅव्हलरला, ट्रॅक्सला बसवलं. ट्रॅव्हलरचा सांगाडाही याच गाडीच्या घराण्यातला. जुनी ट्रॅव्हलर शेजारी उभी केली की नाकावरूनच नातं कळतं. जुन्या परदेशी गाडीचे पार्ट शोधताना लोक गाडीचं नाव घेऊन दुकानं फिरतात. काउंटरवर '२०७ डी' म्हटलं की नकारच मिळणार. इंजिनाचं नाव सांगायचं.

पण आधी निदान. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टननं दाबलेल्या हवेचा दाब, घेतलं. एक आणि चार २१ बार, दोन आणि तीन जेमतेम ११. या इंजिनाला १५ च्या खाली चालत नाही, आणि सिलिंडरांमधला फरक ३ बारपर्यंतच. शेजारचे दोन एकदम पडले म्हणजे हेड (सिलिंडरांवरचं झाकण) आणि ब्लॉक यांच्यामधला गॅस्केट मधून गेलेला. हेड उतरवल्यावर दोन आणि तीनच्या मधल्या पुलावर बोटभर काळा पट्टा दिसला.

हेड उतरवताना दोन जागी लोक फसतात. मोठे बारा एमएमचे बोल्ट सगळे निघाले तरी पुढच्या बाजूला टायमिंग चेनच्या (व्हॉल्व्हचा कॅम फिरवणाऱ्या साखळीच्या) खोबणीत आठ एमएमचे ॲलनचे बोल्ट असतात, तेलात बुडालेले, दिसत नाहीत. ते विसरून पहारीनं हेड उचकटलं की कास्टिंगचा तुकडा हातात. दुसरं म्हणजे चेनच्या पट्टीची पिन. तिच्या तोंडाला सहा एमएमचा आटा असतो. त्यात बोल्ट घालून स्लाइड हॅमरनं सरळ ओढायची. हातोडीनं उलटसुलट ठोकून ती येत नाही. चेन ताणून धरणारा टेन्शनर आधीच काढायचा आणि चेन तारेनं वर बांधून ठेवायची, नाहीतर ती खाली पडून अर्धा दिवस जातो.

मग नाना पेठ, पुण्यातला गाड्यांच्या पार्टचा बाजार. ओळखीच्या शेठनी विचारलं, "मिस्त्री, ट्रॅव्हलर जुनी का नवी?"

"जुनी. दोन-चारची, २.४ लिटर. टर्बो नाही."

हेड गॅस्केट, नोझलखालचे (डिझेल फवारणाऱ्या तोंडाखालचे) वॉशर, चेन, टेन्शनर, थर्मोस्टॅट, व्हॉल्व्ह सील, वॉटर पंप, सगळं एकेक करून काउंटरवर आलं. दुकानातल्या पोऱ्यानं २.६ लिटरचा गॅस्केटही काढला, म्हणाला, "हाच जातो सगळ्यांना." क्षमता बदलली म्हणजे बोअर नाहीतर स्ट्रोक बदलला, तो तिथेच परत. घेतला तो जुन्या गॅस्केटवर ठेवून उजेडासमोर धरला. पाण्याचं आणि तेलाचं प्रत्येक भोक जुळतंय ना, सिलिंडरच्या भोकाभोवतीच्या आगीच्या कड्याचा व्यास व्हर्नियरवर तोच येतोय ना, एवढं पाहायला पाच मिनिटं लागतात. मॅनिफोल्ड (हवा-धुराचे पाइप), सम्प (तळाचं तेलाचं भांडं) आणि इंजिनाचे फाउंडेशन (ज्यावर ते बसतं ते) मात्र फोटोवरून घ्यायचे नाहीत. आपली ट्रॅव्हलर उजव्या हाताच्या स्टिअरिंगची, ही डाव्या. पाइप कुठून वळतो ते जुना तुकडा शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही. सुदैवानं हे तिन्ही शाबूत होते.

अडकलो ते हीटर प्लगवर, म्हणजे थंड इंजिन सुरू करताना आतली हवा तापवणाऱ्या प्लगवर. ट्रॅव्हलरचे पेन्सिलसारखे, बारा एमएम आट्याचे, प्रत्येकाला स्वतंत्र बारा व्होल्ट. या गाडीत जुने, उघड्या वळणदार तारेचे, अठरा एमएमचे, चारही एका माळेत जोडलेले. दिवाळीच्या जुन्या दिव्यांसारखंच, एक गेला की सगळे बंद. मीटर लावून बघितलं तर तीन नंबरचा तुटलेला. मेलेला प्लग तारेनं वळसा घालून टाळायची युक्ती काहीजण सांगतात. ती करू नये. माळेत एक कमी झाला की उरलेल्या तिघांवर जास्त व्होल्टेज येतं आणि तेही लवकर जातात. मालकांच्या हत्यारांच्या पेटीत एक जादा प्लग निघाला, तो बसवला. पुढच्या प्रवासासाठी चार तेवढे जर्मनीहून मागवले, पाकीटभर माल.

हेड लेथवाल्याकडे. त्याची भोकं बंद करून गरम पाण्यात हवेचा दाब दिला, तडा नव्हता. बीडाचं हेड, पण सरळ पट्टी ठेवली तर मध्ये ०.१२ मिलिमीटरचा फिलर (फट मोजायची पातळ पाती) जात होता. ०.१५ मिलिमीटर घासलं. नवं हेड ८५ मिलिमीटर उंच, ८४ च्या खाली गेलं की भंगार, म्हणून घासण्याआधी उंची मोजायची. घासलेल्या हेडमध्ये प्रीचेंबरचं (डिझेल आधी पेटतं त्या छोट्या कप्प्याचं) टोक तेवढंच जास्त बाहेर येतं, पिस्टनला लागू शकतं. त्याची खालची रिंग बदलून ते पूर्वीच्या मापावर आणलं. व्हॉल्व्हची बैठकही तपासली.

बोल्ट हे या कामातलं खरं दुखणं. बारा कोनी डोक्याचे, ताणले जाणारे. नव्याची लांबी १०४, ११९ आणि १४४ मिलिमीटर. प्रत्येकी दीड मिलिमीटरपर्यंत वाढ चालते. आमच्यातला एक लांब बोल्ट १४६.२ भरला, दोन छोटे मर्यादेच्या काठावर. पूर्ण सेट नवा घेतला. आट्याला आणि डोक्याखाली तेल, आधी ४० न्यूटन-मीटर, मग ७०, दहा मिनिटं थांबायचं, मग ९० अंश, पुन्हा ९० अंश. या बोल्टना हजार किलोमीटरनंतर परत आवळायचं नसतं. आपल्याकडे सवयीनं आवळतात आणि मग ते ताणून मरतात.

नवी चेन जुनीला जोडून क्रँक फिरवत आत ओढली. टेन्शनर इंजिन ऑइलच्या डब्यात बुडवून आठ-दहा वेळा दाबला, हवा निघेपर्यंत. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, थंड इंजिनावर: इनटेक ०.१०, एक्झॉस्ट ०.३० मिलिमीटर. दोन १४ चे पाने लागतात, वाकडे मिळाले तर हात सोलत नाहीत. नोझल टेस्टरवर ११५ ते १२५ बारला उघडायला हवेत. दोन ९५ लाच टपकत होते. नोझलवर कोरलेला नंबर जुळवून दोन नवे टाकले.

घाटात इंजिन का तापलं ते रेडिएटर उघडल्यावर कळलं. गळती थांबवायला वाटेत कुणीतरी हळद टाकली होती. घरापर्यंत पोचायला ती युक्ती ठीक, पण ती न धुता गाडी शेकडो किलोमीटर पळाली. अर्ध्या नळ्या पिवळ्या चिखलानं बंद. टाक्या उघडून सळईनं नळ्या मोकळ्या केल्या, गळती डाग देऊन बंद केली.

डिझेलच्या लाइनमधली हवा काढायला हातपंप मारला, नोझलचे १७ चे नट सैल ठेवून सेल दिला, डिझेल आल्यावर आवळले. चौथ्या सेलला इंजिन लागलं. कात्रजच्या जुन्या घाटात दोन फेऱ्या मारल्या, तापमानाचा काटा ८५ अंशांच्या वर गेला नाही. यादीतल्या २३ पैकी १९ ओळींवर काट मारलेली होती, सगळा माल पुण्यातला.

मालकाला जुने बोल्ट जादा सामान म्हणून सोबत हवे होते. ताणलेला बोल्ट दिसायला नव्यासारखाच असतो. म्हणून कटरनं मधोमध कापले आणि मगच त्यांच्या हातात दिले.