अर्ध्या वाटेवरून परत का आलात?

न्यूझीलंडहून परतल्यापासून सोलापुरात भेटेल तो मला एकच प्रश्न विचारतो : एवढ्या लांब जाऊन टोंगारिरो या ज्वालामुखी डोंगराच्या अर्ध्या वाटेवरून परत का आलात? आजवर मी "वारा फार होता" असे सांगत आले. वारा होता, हे खोटे नाही. पण त्याच वाऱ्यात आमच्या गटातले बाकीचे सगळे पुढे गेले आणि संध्याकाळी पलीकडच्या बाजूला सुखरूप उतरलेही. तुम्ही पुन्हापुन्हा विचारलंत म्हणून खरे कारण लिहिते.

आपलाही दगड ज्वालामुखीचाच, मग तिकडे कशाला, असेही काही जण म्हणतात. तीस वर्षे भूगोलाच्या तासाला मी हेच शिकवले : सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांतून लाव्हा वाहिला, थरावर थर साचले आणि त्या काळ्या पाषाणाची झीज होऊन आपली ज्वारीची काळी जमीन झाली. विहिरीच्या काठावर उभे केले की मुलांना थर दिसत; तरी दरवर्षी कोणीतरी विचारीच, "बाई, त्याचं तोंड कुठंय?" भेगीय उद्रेकाला तसे तोंड नसते, हे उत्तर बरोबर होते, पण त्याने मुलांचे समाधान होत नसे आणि माझेही झाले नाही. मला ते तोंड एकदा डोळ्यांनी पाहायचे होते.

म्हणून मी गुडघा लपवला. डॉक्टरांनी उतरण टाळायला सांगितले होते. सहलीचा आरोग्याचा अर्ज लेकीने भरला, पण उत्तरे माझी होती. सांध्यांच्या रकान्यावर ती थांबली तेव्हा मी "काही त्रास नाही" म्हणाले. सहा महिने रोज सकाळी सिद्धेश्वर तलावाकाठी चालत असल्यामुळे ते मला जवळजवळ खरेच वाटत होते.

मंगातेपोपोच्या दरीतली पहिली वाट सोपी होती. पुढे 'डेव्हिल्स स्टेअरकेस' नावाच्या पायऱ्यांच्या चढावर गुडघा सुजू लागला, तरी मी बोलले नाही. वर 'साउथ क्रेटर'चे सपाट मैदान लागले. समोर न्गाउरुहोए ज्वालामुखीचा २२८७ मीटर उंचीचा शंकू होता, वय जेमतेम काही हजार वर्षे. मैदानाचे नाव क्रेटर, म्हणजे ज्वालामुख, असले तरी ते खरे ज्वालामुख नव्हे, कडांमधला खोलगट भाग आहे, असे गाईडने सांगितले. खरे मुख, रेड क्रेटर, पुढच्या धारेवर १८८६ मीटरवर होते, आणि तिथून एमराल्ड तळ्यांकडे जाणारी उतरण सुट्या खडीची होती. माझे लंगडणे पाहून त्याने कारण विचारले, तेव्हा मी खरे सांगितले. मला पुढे नेणार नाही, मदतनीस गाईड मला खाली पोहोचवील आणि लेक हवी तर गटाबरोबर जाऊ शकते, असे तो शांतपणे म्हणाला.

लेकीने त्या धारेकडे पाहिले. तिकडे नोकरीला लागल्यापासून ती मला त्या हिरव्यानिळ्या तळ्यांविषयी सांगत होती आणि आई आल्यावरच जायचे म्हणून तिने ती पाहिली नव्हती. माझ्या तोंडून "तू जा" एवढे दोनच शब्द निघायला हवे होते. अनोळखी माणसाचा हात धरून त्या पायऱ्या उतरायची मला भीती वाटली आणि मी ते शब्द उच्चारले नाहीत. खाली वाकून बुटाची नाडी पुन्हा बांधत राहिले. थोड्या वेळाने ती म्हणाली, "आई, चल." खाली येईपर्यंत तिने तळ्यांचे नावही काढले नाही.

त्या रात्री मी वहीत लिहिले की योग्य वेळी मागे फिरले. आज ते वाक्य मला मान्य नाही. मागे गाईडने फिरवले. मात्र विचारल्यावर कबुली मीच दिली, हेही खरे आहे. पण त्याला आधी ठाऊक असायला हवे होते. २०१२ च्या ऑगस्टमध्ये याच डोंगराच्या ते मारी मुखातून उडालेले दगड वाटेवरच्या केतेताही निवाऱ्याचे छत फोडून आत पडले होते. अशा ठिकाणी कोण किती वेगाने चालू शकते यावर सगळ्या गटाचा जीव अवलंबून असतो.

तिकडच्या उन्हाळ्यात, डिसेंबरात, गुडघा बरा झाला की पुन्हा जाऊ, असे लेक म्हणते. ही झीज भरून येणारी नाही, असे डॉक्टरांनी मला सांगितले आहे. ते मी तिला अजून फोनवर सांगितलेले नाही.