विनिपेगची थंडी आणि न तापणारं इंजिन

खंबाटकीत, कसाऱ्यात बॉनेट उघडून वाफा सोडत उभ्या राहिलेल्या गाड्या बघत आपण मोठे झालो. तापमानाचा काटा वर चढला की काळजी, खाली असला की निश्चिंत, एवढंच आपलं गणित. त्यामुळे कॅनडात येऊन गाडी घेतलेला मराठी माणूस जानेवारीत काटा पाव भागाशी घुटमळताना बघतो आणि ‘बाहेर उणे ३० आहे, इंजिन थंड राहणारच’ म्हणून सोडून देतो. हीटरमधून कोमट वारा येतो, ॲव्हरेज पडतं, तेही तो थंडीच्या खात्यावर टाकतो. ही समजूत इतकी सर्रास आहे की तिच्यावर सविस्तर लिहायला हवं.

बाहेर विनिपेगचा जानेवारी असो की नागपूरचा मे, धडधाकट इंजिनातलं कूलंट (इंजिन थंड ठेवायला आत फिरणारं पाणी) साधारण ८५ ते ९५ अंशांच्या दरम्यान चालायला हवं. हायवेला ९०-१०० च्या वेगाने पंधरा-वीस मिनिटं गेल्यावरही ते ७० च्या आत असेल, तर दोष हवेचा नाही, गाडीचा आहे. एक सूट मात्र द्यावी लागते. छोट्या इंजिनाची गाडी जागेवर चालू ठेवून ब्लोअर फुल्ल सोडला, तर उणे ३० मध्ये तापमान हळूहळू उतरतं, कारण आयडलिंगला इंजिन उष्णताच फार कमी तयार करतं. डिझेल आणि हायब्रिडमध्ये हे जास्त जाणवतं. गाडी रस्त्याला लागल्यावर आकडा परत चढला तर काळजी नको.

याच्या उलट होत असेल, म्हणजे गावात सिग्नलला थांबत जाताना काटा वर येतो आणि हायवेला लागताच खाली पडतो, तर थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंटला रेडिएटरकडे सोडणारी किंवा अडवणारी झडप, उघडा अडकलाय हे जवळजवळ नक्की. थर्मोस्टॅटच्या पोटात मेणाची कुपी असते. ठरलेल्या तापमानाला, बहुतेक गाड्यांत ८२ ते ९५ च्या दरम्यान, मेण वितळून फुगतं, दांडी सरकते आणि रेडिएटरची वाट उघडते. निवलं की स्प्रिंग ती बंद करते. स्प्रिंग थकली, सीलखाली गंजाचा कण अडकला किंवा दांडी तिरकी फसली की वाट उघडीच राहते आणि गोठवणाऱ्या वाऱ्यात उभा असलेला रेडिएटर सगळी उष्णता घेऊन जातो. पुण्यात थर्मोस्टॅट मिलिमीटरभर उघडा राहिला तर कुणाला पत्ताही लागणार नाही. इथे तेवढी फट काटा खाली ओढायला पुरते.

आता आपल्याकडच्या एका सवयीबद्दल. ‘थर्मोस्टॅट काढून टाका साहेब, गाडी कधी तापणार नाही’ हा सल्ला ॲम्बेसेडर आणि पद्मिनीच्या काळापासून गॅरेजागॅरेजांत दिला गेला आहे आणि जुन्या गाड्यांना अजूनही मिळतो. यावरून मिस्त्रींना नावं ठेवणं सोपं आहे, मी ठेवणार नाही. बोअरच्या जड पाण्याने चोंदलेला रेडिएटर, ४५ अंशांची दुपार, घाट आणि खचाखच भरलेली गाडी. अशात थर्मोस्टॅट बंद अडकला तर हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांमधलं सील) जातं आणि गिऱ्हाइकाचं कंबरडं मोडतं. त्या माणसाने हातातल्या साधनांत सगळ्यात मोठं नुकसान टाळलं. पण तांत्रिकदृष्ट्या हा उपाय लंगडाच आहे. कित्येक इंजिनांत थर्मोस्टॅटची खालची चकती, वरची वाट उघडताना बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून पाणी परत इंजिनात नेणारी, वाट बंद करते. थर्मोस्टॅटच नसला की बायपास कायम उघडा, बरंचसं पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात, आणि ज्या तापण्याला घाबरून तो काढला तेच भर उन्हात होतं. शिवाय थंड इंजिनाला संगणक पेट्रोल जास्त देत राहतो. ते सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ होतं. झीज पुण्यातही होते, फक्त दिसायला वेळ लागतो.

तपासणीची सुरुवात काट्यापासून करू नये. आजच्या बहुतेक गाड्यांचा काटा मुद्दाम सुस्त ठेवलेला असतो. कूलंट साधारण ७५ ते १०५ मध्ये कुठेही असलं तरी तो मध्यावरच बसतो. म्हणजे काटा खाली दिसायला लागला तेव्हा दुखणं बरंच पुढे गेलेलं असतं. स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटला लावायचा ब्लूटूथ स्कॅनर स्वस्तात मिळतो. त्यावर कूलंटचा खरा आकडा फोनवर दिसतो.

पहिलं वाचन गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, इंजिन सुरू न करता घ्यायचं. इग्निशन ऑन करा आणि कूलंटचं तापमान व आत येणाऱ्या हवेचं तापमान शेजारी शेजारी बघा. दोन-चार अंशांचा फरक चालतो. पण ही तुलना ब्लॉक हीटर (उभ्या गाडीचं इंजिन गरम ठेवणारा विजेचा हीटर) न लावलेल्या रात्रीनंतरच खरी. हीटर लावला असेल तर कूलंट मुळातच गरम असतं आणि चांगल्या सेन्सरवर नाहक आळ येतो. स्कॅनर थेट उणे ४० दाखवत असेल तर वायर तुटली आहे किंवा कनेक्टर निघाला आहे (उणे ४० ची रात्र इथे असू शकते, म्हणून हवेच्या आकड्याशी ताडून बघा). मल्टिमीटर असेल तर सेन्सरचा रोध मोजा. नेहमीच्या प्रकारात तो २० अंशांना साधारण अडीच हजार ओहम आणि ८० ला तीनशेच्या आसपास असतो. गरम इंजिनावर इन्फ्रारेड थर्मामीटर थर्मोस्टॅटच्या घरावर धरून स्कॅनरशी ताळा घेता येतो, मात्र चकचकीत ॲल्युमिनियमवर तो खोटं सांगतो. काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर नेम धरा.

स्कॅनरवर पी०१२८ हा बिघाडाचा कोड आला तर संगणकाचं म्हणणं एवढंच, की अपेक्षित वेळात कूलंट तापलं नाही. थर्मोस्टॅट खराब आहे असं तो म्हणत नाही. आणि कोड आला नाही म्हणून सगळं ठीक, असंही नाही. कडाक्याच्या थंडीत सुरू केलेल्या गाडीत कित्येक कंपन्यांचे संगणक ही चाचणी घेतच नाहीत. म्हणून उघडा थर्मोस्टॅट जानेवारीभर गप्प राहतो आणि मार्चमध्ये बर्फ वितळू लागल्यावर डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागतो.

कोड वाचला, पार्ट बदलला, तासाचं बिल लावलं, ही पद्धत इथल्या पुष्कळ गॅरेजांत आहे. त्याआधी कूलंटची पातळी तरी बघावी ना! पातळी कमी असेल तर सेन्सर हवेत लोंबकळतो आणि काहीही सांगतो. हीटर आयडलिंगला गार आणि ॲक्सिलरेटर दिला की गरम होतो. बाटलीत कूलंट दिसतं म्हणून रेडिएटर भरलेला असेलच असं नाही. झाकण उघडायचं ते पूर्ण थंड इंजिनावरच.

या बाबतीत आपला मिस्त्री मला उजवा वाटतो, आणि हे गावाच्या ओढीने म्हणत नाही. तो आधी पाइपला हात लावतो. तीच चाचणी इथेही सगळ्यात खरी ठरते. गार इंजिन सुरू करा, रेडिएटरचा वरचा जाड पाइप पकडा. स्कॅनरवर ४०, ५०, ६० होत जातं तरी तो थंडगारच राहायला हवा आणि ८०-९० च्या सुमारास थोड्याच वेळात गरम व्हायला हवा. पहिल्या मिनिटांपासून तो इंजिनाबरोबर कोमट होत गेला तर थर्मोस्टॅट गळतोय. काही इंजिनांत थर्मोस्टॅट खालच्या, परतीच्या पाइपवर असतो. तिथे खालचा पाइप तपासा. पंख्यापासून हात आणि गळ्यातला मफलर लांब ठेवा.

कूलंट ९० आहे आणि तरी केबिन गार, तर तो वेगळा आजार. डॅशबोर्डमागच्या भिंतीतून जाणारे हीटरचे दोन पाइप चाचपा. एक गरम, एक गार असेल तर हीटर कोर (केबिनची हवा तापवणारा छोटा रेडिएटर) चोंदलाय किंवा हवा अडकलीय. दोन्ही गरम असतील तर गरम-गार हवा वळवणारी आतली झडप अडकलीय.

रेडिएटरपुढे पुठ्ठा लावण्याची युक्ती इथेही चालते आणि मोठ्या ट्रकना त्यासाठी खास कव्हरं मिळतात. थर्मोस्टॅट ठीक असलेल्या गाडीला वारा अडवण्यापुरती ती बरी. बिघाड लपवायला लावलेला पुठ्ठा मात्र उबदार दिवशी विसरला की गाडी तापवतो.

काढलेला थर्मोस्टॅट उजेडाकडे धरा. खोलीच्या तापमानाला फट दिसली तर विषय संपला. नाही दिसली तर दोऱ्याने पातेल्यातल्या पाण्यात लटकवा, तळाला टेकू देऊ नका, शेजारी थर्मामीटर ठेवा. पातेलं परत स्वयंपाकाला वापरायचं नाही. ८२ छापलेला असेल तर त्याच्या आसपास हलायला लागला पाहिजे आणि उकळत्या पाण्यात चांगला उघडला पाहिजे. ९५ छापलेला असेल तर उकळत्या पाण्यातही पूर्ण उघडणार नाही. तो फेकू नका.

नवा बसवताना छापलेला आकडा मूळचाच असावा. स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे, हवा सोडणारी छोटी खिळी असेल तर ती सगळ्यात वर, रबर सील नवीन. बोल्ट बहुधा सहा मिलिमीटरचे असतात, त्यांना ८ ते १० न्यूटन-मीटर पुरे; जास्त पिळलं तर ॲल्युमिनियमचा आटा जातो. कूलंट गाडीच्या पुस्तकात सांगितलेलंच, निम्मं पाणी घालून. ते साधारण उणे ३७ पर्यंत गोठत नाही. विनिपेगसाठी साठ टक्के कूलंट, चाळीस टक्के पाणी केलं तर उणे ५० पर्यंत निभावतं. निव्वळ कूलंट ओतलं तर उलट उणे १३ च्या आसपासच गोठतं. काढलेलं कूलंट उघडं ठेवू नका, ते गोड असतं आणि कुत्र्या-मांजरांना मारतं.

ही कामं मी स्वतः करतो ती पैसे वाचवायला नव्हे, तर आधी तपासून मग पार्ट बदलल्याची खात्री हवी म्हणून. आणि जे या देशाचं खरंच घेण्यासारखं आहे तेही सांगतो: ऑफिसच्या, इमारतींच्या पार्किंगमध्ये खांबाखांबावर विजेचं सॉकेट. ४०० ते ६०० वॉटचा ब्लॉक हीटर टायमरने निघण्याआधी दोन-चार तास लावला की इंजिन उणे ३० मध्येही सहज सुरू होतं. थर्मोस्टॅटचा दोष मात्र तो झाकत नाही. हायवेला काटा पुन्हा पडतोच.

गाडी काही आठवडे थंड चालली असेल तर नवा थर्मोस्टॅट बसवल्यावर डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) हुंगा. पेट्रोलचा वास येत असेल किंवा ऑइलची पातळी वाढलेली असेल तर ऑइल आणि फिल्टर लगेच बदला. ऑइलच्या झाकणाखाली लोण्यासारखा पांढरट थर दिसला आणि कूलंट कमी होत नसेल, तर ते बहुधा साचलेल्या दवाचं पाणी आहे, हेड गॅस्केट नाही. गाडी पूर्ण तापवून अर्धा-पाऊण तास हायवेला चालवली की ते निघून जातं.