केसपेपरवर 'कंबर' लिहिलं होतं म्हणून

मी अकाउंटिंगचं काम करते, दिवसाचे नऊ-दहा तास खुर्चीत. जानेवारीपासून उजव्या कुल्ल्यात खोलवर ठणका लागला. जरा वेळ बसलं की कळ मांडीच्या मागून गुडघ्यापर्यंत उतरायची. डॉक्टरांनी तपासलं, मणका ठीक निघाला, फिजिओथेरपी लिहून दिली. इथवर दोनच दिवस गेले.

चिठ्ठीवर मात्र शब्द होता 'कंबरदुखी'. फिजिओ विभागात रोज मला पालथं झोपवायचे, कमरेला शेक, कमरेलाच मशीन, वीस मिनिटांनी घरी. "मॅडम, दुखतंय ते इथे, खाली," मी हात ठेवून दाखवलं. "ताई, पेपरवर कंबर आहे. खुब्याचं करायचं तर डॉक्टरांकडून लिहून आणा."

डॉक्टर बसायचे मंगळवार-शुक्रवार. मंगळवारी साडेआठला टोकन घेतलं. नंबर आला साडेबाराला, तोवर डॉक्टर ऑपरेशनला गेलेले. शुक्रवारी भेटले, अर्ध्या मिनिटात शब्द बदलून दिला. तो कागद घेऊन खाली आले तर खिडकीवर उत्तर, "दुखणं बदललं ना, मग नवीन केसपेपर काढा." पुन्हा रांग. बाकावर बसवत नव्हतं, म्हणून दोन्ही दिवस मी भिंतीला टेकून उभी होते. बसून जडलेल्या दुखण्यासाठी माणसाला चार-चार तास बसवून ठेवतात, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. म्हणून सांगते, डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर पडण्याआधी चिठ्ठी वाचा आणि दुखतं ती जागाच लिहून घ्या.

अखेर एका तरुण फिजिओने कुल्ल्याच्या मधोमध अंगठा रोवला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिथे पिरिफॉर्मिस नावाचा छोटा स्नायू असतो, माकडहाडाच्या वरच्या त्रिकोणी हाडापासून मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकापर्यंत. कमरेतून पायात उतरणारी सायटिक नस बहुतेकांत त्याच्या खालून जाते. स्नायू आखडला की नस चिडते. तिने आधी तळहाताने पूर्ण कुल्ला सैल केला, मग कोपराने सावकाश दाब दिला. तिसऱ्या दिवशी मला मोजे घालताना वाकता आलं.

घरी मी टेनिसचा बॉल वापरते. भिंत आणि कुल्ला यांच्यामध्ये धरायचा, दुखऱ्या जागी मिनिटभर टेकायचं, श्वास रोखायचा नाही. जमिनीवर झोपून केलं तर दाब फार येतो, सुरुवातीला नकोच. पायात मुंग्या आल्या तर बॉल नसेवर आहे, लगेच सरकवा. पाय बधिर पडत असेल किंवा लघवीवर ताबा राहत नसेल तर मालिश विसरा, थेट दवाखाना गाठा.

हो, एक राहिलं. बसून जांघेकडचे स्नायूही आखडतात. तिथे बॉल दाबू नका, रक्तवाहिन्या असतात. एक गुडघा टेकून कंबर पुढे सरकवायचा ताण पुरतो.

परवा पुण्याहून एसटीने नाशिकला गेले. नारायणगावला उतरून चार फेऱ्या मारल्या, पुढे उतरेपर्यंत कळ आली नाही.