पाण्याची नळी आणि साडेपाच लाखांचा फरक

"तुमचं कोटेशन सगळ्यात वरचं आहे हो," डोंबिवलीहून काकांचा फोन आला तेव्हा मी हर्णैच्या बंदरावर मासळी घेत होतो. एका हातात बोंबलांची पिशवी, दुसऱ्या हातात फोन. "तिघांचे भाव आलेत. तुमचा स्क्वेअर फुटाला २१५०. एकाचा १९००. आणि एक जण १६५० म्हणतोय."

मी घरं बांधून देतो. काकांचं घर ११०० स्क्वेअर फुटांचं. आंजर्ल्याच्या बाजूला उतारावरची जागा, समुद्र सरळ रेषेत दीड किलोमीटर. काका नोकरीतून रिटायर झालेले, फंडाचे पैसे आलेले, आणि आयुष्यभर भाड्याच्या खोलीत राहून आता गावी स्वतःचं घर हवं होतं. माझा आकडा २३ लाख ६५ हजार, त्या तिसऱ्याचा १८ लाख १५ हजार. साडेपाच लाखांचा फरक. फंडाच्या पैशातून घर बांधणाऱ्या माणसाला हा फरक "क्वालिटी, काका, क्वालिटी" म्हणून पटवता येत नाही. १६५० वालाही क्वालिटीच म्हणत असतो.

तोंडात शिवी आली होती, ती गिळली. कारण एकेकाळी मीही १६५० वाला होतो.

२०२० च्या ३ जूनला निसर्ग वादळ आलं. दापोली, मंडणगडात वाड्याच्या वाड्या उघड्या पडल्या. पुढे बरेच महिने मी फक्त छपरंच चढवत होतो. ते काम संपलं आणि माझ्याकडे चार गवंडी, दोन सेंटरिंगवाले रिकामे बसले. एकदा माणसं विजापूरला परत गेली की परत येतीलच असं नाही. म्हणून एक घर १३५० ने घेतलं. माझा स्वतःचा हिशोब १६०० च्या खाली येत नव्हता, हे मला घेतानाच माहीत होतं. वाटलं, कुठेतरी जुळवून नेऊ. शिमग्यापर्यंत पैसे संपले. सिमेंटमध्ये खोट केली नाही, पण काम दोन महिने बंद ठेवलं, मालकाकडे पुढच्या टप्प्याची उचल आधी मागितली, आणि त्या घराने एक पावसाळा प्लास्टरशिवाय काढला. बायकोच्या पाटल्या पतपेढीत ठेवून ते पूर्ण केलं. मालक अजूनही रस्त्यात भेटला की मान वळवतो. बरोबरच आहे त्याचं.

त्यामुळे स्वस्तात भाव देणारा प्रत्येक जण लबाडच असतो, असं मी म्हणत नाही. लबाड आहेतच, रात्री खाडीची वाळू उतरवणारे मला नावानिशी ठाऊक आहेत. पण निम्म्याहून जास्त वेळा समोरच्याने काहीतरी मोजलेलंच नसतं, किंवा मोजून डोळे मिटलेले असतात. आपण लबाड, लबाड म्हणत बसलो तर मालकाला ते धंद्यातलं भांडण वाटतं.

काकांकडे एक आठवडा मागितला. म्हणालो, "भाव कमी करायला नाही मागत. त्या १६५० मध्ये काय काय येतं, ते आपण दोघं बघू."

रात्री घरी बसून आधी एक साधा हिशोब केला. एवढ्या घराला ठोकळ मानाने ४४० पोती सिमेंट लागेल. पोत्याला ३८० धरले तर १ लाख ६७ हजार. म्हणजे त्याने सिमेंटचं एकही पोतं न वापरता घर उभं केलं तरी साडेपाच लाखांतले पावणेदोन लाखसुद्धा वाचत नाहीत. मग बाकीचे कुठून आले? माल मारून एवढा फरक पडत नाही. फरक पडतो न धरलेल्या कामात.

श्रावणातल्या एका उघडिपीत जागेवर गेलो. सोबत पाण्याची नळी. आजकाल पोरं लेझर लेव्हल आणतात, चांगलं आहे, पण माझा जीव नळीतच रमतो. पारदर्शक नळी, आत पाणी, दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीला उभं राहतं. फक्त आत हवेचा बुडबुडा राहता कामा नये. बुडबुडा राहिला की पातळी खोटी, आणि खोटी पातळी घर बांधून झाल्यावरच कळते. समोरच्या बाजूला जोतं दोन फूट आलं. मागच्या बाजूला, करवंदीच्या जाळीत उभं राहून मोजलं तर पाच फूट. म्हणजे सरासरी साडेतीन. रस्त्यावरून बघणारा सगळीकडे दोनच फूट धरणार. दीड फुटाचा फरक, ११०० चौरस फुटांवर, झाला १६५० घनफूट. शंभर घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे साडेसोळा ब्रास भराव, आणि तो दाबून धरायला मागच्या बाजूचं जास्तीचं चिऱ्याचं बांधकाम. माझ्या हिशोबाने १ लाख ५ हजार.

काकांनी त्याचं कोटेशन व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. एका पानाचं होतं. "बांधकाम मटेरियलसह, १६५० रु." आणि खाली सही. सेप्टिक टाकी आणि पाण्याची टाकी त्यात नव्हती, ९५ हजार. खिडक्यांचे ग्रील नव्हते, ४० हजार. स्लॅबवरची पत्र्याची शेड नव्हती, १ लाख ९० हजार. कोकणात स्लॅबवर शेड नाही म्हणजे डोक्यावर छत्री न घेता पावसात उभं राहणं, पण मुंबईहून बघणाऱ्या माणसाला ती 'नंतर बघू' अशी गोष्ट वाटते. बेरीज ४ लाख ३० हजार झाली.

उरले १ लाख २० हजार. यातले काही काँक्रीटचे. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात समुद्राच्या खाऱ्या हवेत उघड्या राहणाऱ्या आरसीसीला, म्हणजे सळी घातलेल्या काँक्रीटला, किमान एम-३० ताकदीचं काँक्रीट आणि सळीवर ४५ मिलिमीटर कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर, सांगितलंय. आमच्याकडे सर्रास त्याहून कमी ताकदीचं एम-२० चाललेलं असतं आणि कव्हर राखायला सळीखाली खडीचा तुकडा. दहा-बारा वर्षांत सळी गंजते, गंज फुगतो आणि कॉलमचा कोपरा फोडून बाहेर येतो. खाडीची वाळू असेल तर मीठ आतच असतं, वाऱ्याची वाटही बघावी लागत नाही. एम-३० ला सिमेंट जास्त लागतं, ते माझ्या भावात होतं.

पण सगळे १ लाख २० हजार काँक्रीटचे नव्हते. काही माझ्या ऑफिसचे, सुपरवायझरच्या पगाराचे, माझ्या गाडीचे. चौकशी केली तर कळलं, १६५० वाला पंचविशीतला पोरगा, बाप स्वतः गवंडी, भाऊ सेंटरिंगचं करतो. तो माझ्यापेक्षा थोडं स्वस्तात खरोखरच करू शकत होता. हेही कागदावर लिहिलं. लेक म्हणाली, "बाबा, हे कशाला लिहिता?" लिहिलं. काका आज ना उद्या तिथपर्यंत पोचलेच असते.

सरकारी कामात निदान एक बरं असतं. महाटेंडर्सवर, म्हणजे सरकारी निविदांच्या वेबसाइटवर, मी दोनदा भरून बघितलंय, दोन्ही वेळा दुसऱ्याने सरकारी अंदाजापेक्षा एवढं बिलो भरलं की लिफाफा उघडल्यावर हसूच आलं. पण तिथे फार खाली गेलं की जादा सुरक्षा ठेव भरावी लागते, म्हणजे खाली जाणाऱ्याचाही काहीतरी जीव अडकतो. खासगी घरात सगळा जीव मालकाचाच.

गणपतीला काका गावी आले. पाचव्या दिवशी ओटीवर बसलो. पुण्याहून आलेल्या त्यांच्या मुलाने माझा कागद एक्सेलमध्ये घातला होता: डावीकडे कामांची यादी, पुढे तीन रकाने. रिकाम्या चौकटी पिवळ्या. १६५० च्या रकान्यात पिवळाच पिवळा. काका बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे हा फसवत होता?"

"नाही काका. विचारा त्याला, मागची बाजू मोजलीस का."

विचारलं. दुसऱ्या दिवशी त्या पोराचा मला फोन. वाटलं, भांडायला केलाय. "दादा, भराव साडेसोळा ब्रास कसा काढलात?" मी सांगितलं, नळीपासून. तो गप्प. मग म्हणाला, "आम्ही पावसात गेलो होतो, मागे चिखल होता, गेलोच नाही."

त्याने सगळ्या पिवळ्या चौकटी भरून नवा आकडा दिला, २१ लाख ७५ हजार. माझ्याहून अजूनही १ लाख ९० हजारांनी खाली. इथे मी हरलोच होतो. काकांचा मुलगा उघडच म्हणाला, "दोघांची यादी आता सारखी आहे, मग जास्त का द्यायचे?" माझाच कागद माझ्यावर उलटला. तेव्हापासून असं सविस्तर एस्टिमेट करायचे मी ५००० घेतो, काम मिळालं तर बिलात वळते करतो. आधीच घ्यायला हवे होते.

मी भाव सोडला नाही. काम कमी करायचे मार्ग सांगितले: बाहेरून गिलावा नको, चिरा उघडा ठेवून दरजा, म्हणजे मधल्या फटी, भरू, दिसायलाही छान. गाडीचा पोर्च नको, गाडी तुमच्याकडे नाहीच. त्यात १ लाख ४५ हजार वाचले, मी २२ लाख २० हजारांवर आलो. अर्थात तेच त्या पोरालाही करता आलं असतं.

खरा निकाल वेगळ्या गोष्टीवर लागला. मी म्हटलं, "पैसे टप्प्याने द्या: जोतं, लिंटल, स्लॅब, शेवटचं काम. आणि एकूणातले पाच टक्के एक पावसाळा जाईपर्यंत तुमच्याकडे ठेवा. गळलं तर त्यातून दुरुस्ती करू." म्हणजे १ लाख ११ हजार. काकांनी हेच त्या पोराला विचारलं. त्याला ते जमणारं नव्हतं. पोराची नियत साफ होती, खिसा रिकामा होता. एक लाख रुपये चार महिने अडकले तर त्याचे मजूर उपाशी. १३५० च्या वेळी मलाही जमलं नसतं.

दसऱ्याला पाचशेच्या स्टँपवर करार झाला, सोबत ती यादी जशीच्या तशी जोडली. चिरा आधी स्वतः खाणीवर जाऊन बघितला. वरच्या थरातला कडक, खाली शेडी, म्हणजे चिऱ्याखालची माती, लागत जाते तसा मऊ. पुढचं नेहमीसारखंच. मागच्या बाजूला भराव साडेसतरा ब्रास गेला, एक ब्रास माझ्या अंगावर.

आता एप्रिल संपत आलाय. स्लॅब पडला, शेडचे खांब उभे राहिले, मिरगाच्या आत पत्रे चढवायचेत. परवा स्लॅबवरून खाली बघितलं तर दोन घरं सोडून त्याच उतारावर तो पोरगा नव्या जागेवर उभा. मागच्या बाजूला करवंदीत बाप, पुढे हा, आणि दोघांच्या मध्ये पाण्याची नळी.

नळीत मध्येच बुडबुडा दिसत होता. मी वरूनच ओरडलो, "अरे, आधी हवा काढ तिच्यातली!"