पाऊस, डिंक आणि तीन अंश

इंग्लंडला गेल्यावर व्हिसा, टॅक्स, कचऱ्याचे वेगवेगळे डबे, सगळ्यांशी जमवून घेतलं. रडकुंडीला आणलं ते एका डिंकाच्या नियमानं. पोलादाचं तापमान हवेच्या दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं दव व्हायला लागतं त्यापेक्षा, किमान तीन अंशांनी जास्त नसेल, तर इपॉक्सीचा, म्हणजे त्या डिंकाचा, डबा उघडायचा नाही. पुलांना रंग देणारे पाळतात तोच हा नियम, आमच्या कामालाही लावलेला.

पूल किती ताणला जातो ते मोजायला मी पुलांना काचेचे तंतू चिकटवते. नातेवाइकांना 'फायबर टाकते' असं सांगितलं की ते घरच्या इंटरनेटची तक्रार सुरू करतात. तंतू जवळजवळ तोच, काम वेगळं. त्याच्या गाभ्यात अतिनील प्रकाशानं अतिसूक्ष्म पट्ट्या उमटवलेल्या असतात आणि त्या तंतूतून सोडलेल्या प्रकाशातली एक ठरावीक तरंगलांबी परत पाठवतात. गर्डर, म्हणजे पुलाची पोलादी तुळई, ताणला गेला की तंतू ताणतो, पट्ट्यांमधलं अंतर वाढतं आणि परत येणारी तरंगलांबी सरकते. एक किलोमीटर लांबी एक मिलिमीटरनं वाढली, तर त्याला एक मायक्रोस्ट्रेन म्हणतात. १५५० नॅनोमीटरच्या आसपास तेवढ्यासाठी सरक होते साधारण १.२ पिकोमीटर, म्हणजे नॅनोमीटरच्या हजाराव्या भागाहून जेमतेम जास्त. गंमत अशी, की तापमान एका अंशानं वाढलं तरी तरंगलांबी दहाएक पिकोमीटर सरकते. म्हणून शेजारी एक तंतू मोकळा ठेवावा लागतो. तो फक्त ऊन-थंडी सांगतो आणि त्याचं माप वजा केल्यावर पुलाचं खरं माप हाती येतं.

ही सगळी अक्कल उभी असते ती डिंकाच्या एका पातळ थरावर. पॉलिश पेपरनं रंग आणि गंज काढायचा. ॲसिटोननं पुसायचं, तेही एकाच दिशेनं आणि दर वेळी नवं फडकं घेऊन, नाहीतर काढलेलं तेल तुम्हीच परत पसरवता. मग तंतू किंचित ताणून धरायचा, म्हणजे गर्डर दाबला गेला तरी ते कळतं. मग इपॉक्सी. पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारं दव असेल तर डिंक धरल्यासारखा वाटतो, पण पुढे आतल्या आत सुटत जातो. पूल ताणला जात असतो आणि पडद्यावरची रेघ सपाट. सेन्सर नसता तर निदान कुणी भरवसा तरी ठेवला नसता.

हे सगळं मला पाठ होतं. तरी त्या रात्री डोकं फिरलं. उत्तर इंग्लंडमधला एक रेल्वे पूल. लाइन बंद ठेवण्याची परवानगी कित्येक महिने आधी मागितलेली. हवा ६ अंश, आर्द्रता ८८ टक्के, म्हणजे दवबिंदू ४ च्या थोडा वर. गर्डर ५ वर. फरक एका अंशाचाही नाही. आमच्या सुपरवायझरनं, मी त्याला मनातल्या मनात मुकादमच म्हणते, काटा पाहिला, वहीत आकडे लिहिले आणि सामान आवरायला सांगितलं. बाकीचे आवरायला लागले. मी वाद घातला. आमच्या मुंबईत दोन हॅलोजन लावले असते, गर्डर तापवला असता आणि पहिल्या लोकलच्या आत मोकळे झालो असतो! तो शांतपणे म्हणाला, तापव. पण इपॉक्सी घट्ट होईपर्यंत काही तास तसंच तापलेलं ठेवायला तंबू आणि हीटर आणलेत का? आणले नव्हते. परवानगी वाया.

मला खरा धक्का बसला तो दुसऱ्या दिवशी. वरून फोन नाही. 'रात्र का घालवली' म्हणून कुणाची झाडाझडती नाही. पुढची तारीख मागितली, तंबू आणि हीटर यादीत चढले, विषय संपला. एका साध्या मुकादमाचं 'नाही' तिथे साहेबाच्या सहीइतकं चालतं, याचा हेवा वाटला आणि रागही आला. राग अशासाठी, की हे परवडतं म्हणून चालतं. त्यांच्या त्या लाइनवरच्या प्रवाशांना बदली बस मिळाली. इथे शेवटची लोकल आणि पहिली लोकल यांच्यामधल्या तेवढ्याशा वेळात आणि रविवारच्या मेगाब्लॉकमध्ये आपली माणसं गर्डर बदलतात. त्यांना म्हणावं, एकदा कुर्ल्याला येऊन ब्लॉक सांभाळून दाखवा.

तिथल्या एका सहकाऱ्यानं मला सहज विचारलं होतं, तुमच्याकडे पूल फार पडतात ना? अंधेरीचा गोखले पूल, ३ जुलै २०१८. सीएसएमटीचा पादचारी पूल, १४ मार्च २०१९. तारखा मला पाठच आहेत, नाकारणार काय? मी त्याला इटलीतल्या जेनोआचा, १४ ऑगस्ट २०१८ ला पडलेला पूल सांगितला, ४३ माणसं गेली. वर सप्टेंबर २०२४ मध्ये पडलेला ड्रेस्डेनचा पूल ऐकवला, साक्षात जर्मनी! त्या दिवशी चहा गोड लागला. गोखले पूल नवा बांधल्यावर शेजारच्या बर्फीवाला पुलाशी त्याची उंचीच जुळली नव्हती, हे मात्र त्याला सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.

सध्या सुट्टीवर मुलुंडला काकांकडे आहे. जुलैचा पाऊस कोसळतोय, कपडे वाळत नाहीत. चुलतभाऊ इथे एका उड्डाणपुलाच्या साइटवर इंजिनिअर आहे. तो म्हणाला, "ताई, तुझा नियम आज रात्री मुंबईला लावून दाखव." लावला. हवा २८, आर्द्रता ८५ टक्के. दवबिंदू येतो २५.२. गर्डर हवेइतकाच, म्हणून फरक २.८. पाऊस थांबला तरी दोन दशांशांनी नापास! आर्द्रता ९० वर गेली की फरक दोनाच्याही खाली.

"म्हणजे जून ते सप्टेंबर आम्ही भजी तळायची?"

यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण ते देताना आवाज जरा खाली आला. पापड-कुरडयांसारखं हे काम उन्हाळ्यातच उरकायचं. फेब्रुवारीच्या दुपारी तोच फरक सहज दहाच्या पुढे जातो. पावसाळ्यात फक्त माप घेत बसायचं. शिवाय काचेला वीज कळत नाही. आपल्या लोकलच्या डोक्यावर आता २५,००० व्होल्ट एसी आहे, त्याच्या शेजारी तांब्याच्या तारांचे स्ट्रेन गेज, म्हणजे ताण मोजणारे विजेवरचे सेन्सर, नको ते आकडेही पकडतात. तंतूला त्याचं काही नाही.

काका मध्य रेल्वेत पुलांच्या गँगवर होते. हातोडीनं रिव्हेट ठोकून आवाजावरून सैल कुठला ते सांगायचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि नेहमीचा प्रश्न टाकला, "अगं, एवढं येतंय तर इथेच का करत नाहीस?" मी यंत्रांचं सांगते, टीमचं सांगते, मुकादमाच्या 'नाही'चं सांगते. पगाराचं शेवटी, तेही त्यांनी खोदून विचारलं तरच. यातलं खोटं काहीच नाही.

भाऊ मात्र अडून बसला: डिंकच नको. वेल्डिंगवाले सेन्सर मिळतात, हे खरं आहे. तंतू कारखान्यातच स्टीलच्या पातळ पट्टीवर बसवलेला असतो, ती पट्टी छोट्या स्पॉट वेल्डरनं गर्डरला टाचायची. घासून चकचकीत करणं काही सुटत नाही, पण डिंक घट्ट व्हायची वाट बघायला नको. मी हो म्हणणार तेवढ्यात काकांनी मान हलवली. "नव्या गर्डरवर कर. ब्रिटिशांच्या वेळच्या लोखंडावर ठिणगी पाडायची नाही. ते लोखंड कुठलं, आत काय आहे, ते आधी तपासून घ्यायचं." बरोबर आहे. जुन्या लोखंडात गंधक-फॉस्फरस जास्त असू शकतं, वेल्डच्या कडेला बारीक चीर पडली तर ती रोजच्या गाड्यांखाली वाढत जाते.

मग ठरलं असं: ऑक्टोबरच्या उन्हात भावाच्या साइटवर, यार्डात पडलेल्या एका नव्या गर्डरवर एक सेन्सर डिंकानं, त्याला लागून एक वेल्डनं आणि मध्ये तापमानाचा मोकळा तंतू. गर्डर जॅकवर दाबायचा आणि दोन्ही आकडे जुळतात का बघायचं. आर्द्रतामापक मी पाठवणार, इपॉक्सी त्यानं इथेच घ्यायचं. ते थंड जागी ठेवावं लागतं, साइटवर फ्रिज नाही, आणि काकूंनी आत्ताच सांगून टाकलंय की त्यांच्या फ्रिजमध्ये लोणच्याशेजारी असलं काही चालणार नाही.